छत्रीवाल्याची जोड

गिरणी चालू झाली की आमच्या टीव्हीतली माणसं बुटकी व्हायची. व्होल्टेज खाली यायचं, पडद्याच्या चारी बाजूंनी काळी किनार आत सरकायची आणि मधल्या चौकोनात सगळा खेळ आकसून बसायचा. मिरजगावात हमरस्त्याला लागून आमची पिठाची गिरणी. तिच्या एका अंगाला राहतं घर आणि दुसऱ्या अंगाला पूर्वी पोती रचायचे ती खोली. त्या खोलीत तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, व्हिडिओ गेम टाकला होता. एक टीव्ही, खाली फरशीवर मशीन, त्याला दोन रिमोट आणि बसायला गोणपाट. आण्णा, माझे वडील, गिरणीचा पट्टा चढवायच्या आधी मधल्या भिंतीवर थाप मारायचे. पलीकडून पोरं बोंबलायची, "आण्णा, थांबा थांबा, मरतोय!" आण्णा कुणासाठी थांबणारे नव्हते. "मर मग," म्हणायचे आणि पट्टा चढवायचे.

पिठाचं तर विचारूच नका. भुवयांवर पीठ, देवाच्या फोटोवर पीठ, वाळत घातलेल्या परकरावर पीठ. कॅसेट मशीनमध्ये घालायच्या आधी तिच्या तोंडात फुंकर मारायची रीत सगळीकडेच असेल, पण आमच्याकडे फुंकर मारली की खरोखरचं बाजरीचं पीठ उडायचं. तिन्हीसांजेला गिरणी बंद झाली की कान एकदम रिकामे व्हायचे आणि मग आईच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज ऐकू यायचा. थंडीच्या दिवसांत ती हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करायची. लसणाचा आणि तिखटाचा तो वास खोलीतल्या पोरांपर्यंत जायचा, आणि एखादं पोरगं मुद्दाम पाणी मागायच्या निमित्तानं आत यायचं. आई त्याला पाण्यासोबत वाटीभर शेंगोळे द्यायची आणि वर म्हणायची, "खा अन घरी जा. तुझी आई शिव्या घालीत आसंल मला."

जेवताना तात्यांची कुस्ती ठरलेली. तात्या तालुक्यात नाव असलेले पैलवान. गुडघा गेला म्हणून लंगोट उतरवला. त्यांची शेवटची मोठी कुस्ती आमच्याच गावच्या हगाम्यात झाली. हगामा म्हणजे जत्रेतल्या कुस्त्या. समोरचा गडी कुण्या पुढाऱ्याचा पाहुणा. तात्यांनी त्याला खाली घेतला, घिस्सा भरला, एक खांदा मातीला लागला, दुसरा लागायचा राहिला, तेवढ्यात पंच उठले आणि दोघांचे हात वर करून म्हणाले, बरोबरीत! दोघांनाही फेटे बांधले, नारळ दिले, हलगी वाजली, लोकांनी टाळ्या पिटल्या. "मान राखला म्हणं माझा!" तात्या घास हातात धरून ओरडायचे. "मान काय चाटायचाय का? आरं, एक खांदा ऱ्हायला हुता. येकच खांदा!" आई म्हणायची, "भावजी, शेंगोळे गार व्हायले." तात्या मांडीवर थाप मारायचे आणि जेवायला लागायचे. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की त्या पाहुण्या पैलवानाचा तात्यांना यायचा त्याहून जास्त राग मला यायचा.

त्या वर्षी मी घरी बसून होते. दहावी चांगली पास झाले होते, पण पुढचं कॉलेज कर्जतला, आणि पोरीला रोज एसटीनं धाडायचं का, यावर घरात एकमत होत नव्हतं. एकमत होईपर्यंत मी गिरणीत बसायचं ठरलं. बायका डबे घेऊन यायच्या, मी धान्य तोलायचं, डबे ओळीनं लावायचे, कुणाचा डबा पुढं सरकला की भांडण मिटवायचं. पोरं शाळेत गेली की खोली मोकळी असायची आणि मग मी छत्रीवाल्याकडे जायचे.

छत्रीवाला म्हणजे मशीनसोबत आलेल्या पहिल्या कॅसेटमधला गडी. त्याचं खरं नाव पडद्यावर यायचं ते कुठल्या लिपीत होतं देव जाणे. गोल पोट, आखूड पाय, हातात छत्री. तो एका खोल विहिरीच्या तळाशी असायचा आणि पायरी पायरीनं वर चढायचा. वरून दगड पडायचे. छत्री आधी उघडली तर ती मिटून जायची, उशिरा उघडली तर दगड डोक्यात. पण दगड अगदी टेकता टेकता छत्री उघडली तर तोच दगड उसळून परत वर जायचा आणि वाटेतले सगळे अडथळे फोडायचा. ही वेळ सांगून कळत नाही. भाकरी तव्यावर कधी उलटायची हे आईनं मला कधी सांगितलं नाही, हात भाजून कळलं. हेही तसंच कळलं. गावातल्या एकाही पोराला हे जमत नव्हतं, कारण त्यांनी चार दिवस छत्रीवाला खेळून सोडून दिला होता. त्यांना मारामारी पाहिजे होती. तात्यांनी कराटेवाल्यांची कॅसेट आणली आणि छत्रीवाल्याकडे कुणी ढुंकून बघेना.

एका रात्री जेवताना तात्या म्हणाले, "ती छत्रीवाल्याची कॅसेट नगरला नेऊन बदलून आनतो. पडून हाय नुसती."

मी हातातला घास ताटात टाकला. "बदलू नका तात्या. मी खेळती ना."

"तू खेळतीस त्याचा काय उपेग? गिऱ्हाईक पायजे."

"मग गिऱ्हाईक यील आसं करा." मी चिडून बोलले, पण बोलता बोलता मला सुचलं. "तुमच्या हगाम्यात जुन्या पैलवानाची जोड नव्या पोरासंगं लावत्यात, तवा सगळा गाव बघाया येतो का न्हाई? तसा छत्रीवाला कराटेवाल्यांत सोडायचा."

तात्या मोठ्यानं हसले. "टीव्हीतल्या मानसाची जोड म्या कशी लावू गं? त्याला काय दंडाला धरून आखाड्यात फिरवू?"

आण्णा क्वचितच हसायचे, तेही हसले. मी ताट तसंच ठेवून उठले. आपण शहाणपणाचं बोलावं आणि घरच्यांनी दात काढावेत, हे सोळाव्या वर्षी फार लागतं. खरं सांगते, पन्नाशीतही लागतंच.

पण तात्यांच्या डोक्यात ते बसलं असणार. संक्रांतीनंतर ते नगरला गेले ते येताना एक नवी कॅसेट घेऊन आले. तिच्यावर चिकटवलेल्या चित्रात कराटेवाले होते, आणि त्यांच्या मधोमध, छत्री उगारून, माझा छत्रीवाला! मी किंचाळलेच. तात्या मिशीत हसत म्हणाले, "कॅसेटवाल्याला सांगितलं, जुना अन नवा एकत्र दे. त्यानं टोपलीत हात घातला अन काढून दिली. म्हंजी रंजे, तुझ्यासारखं याड लागल्यालं जगात आनखी कुनीतरी हाय."

त्या आनंदाला तोड नव्हती. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत गेल्याबरोबर मी कॅसेट लावली. छत्रीवाला कराटेवाल्यांपुढे गुडघ्याएवढा दिसत होता. त्याचा ठोसा म्हणजे गुदगुली. पण समोरच्याची लाथ टेकता टेकता मी छत्री उघडली आणि लाथ मारणारा स्वतःच उडून पडद्याच्या पलीकडच्या टोकाला आपटला. विहिरीतली कळ त्याला इथंही आठवत होती! मी गोणपाटावर उड्या मारल्या. डबा घेऊन आलेली शेजारची मावशी दारातून म्हणाली, "काय गं, लगीन ठरलं का काय?"

पुढं मला कळलं की तसल्या कॅसेटी चोरीच्या असायच्या. कुठंतरी दूरदेशी कुणीतरी या खेळातलं एक माणूस आणि त्या खेळातली चार माणसं उचलून एकत्र कोंबायचा. आता तेच काम मोठ्या कंपन्या राजरोस करतात. कुणी विचारीनासे झालेले जुने गडी धूळ झटकून बाहेर काढतात, एकमेकांशी लढायला लावतात आणि त्याचा केवढा गाजावाजा होतो. मी टीव्हीवर तसली जाहिरात बघितली की चडफडते. अरे, हे आम्ही पिठाच्या गिरणीत बसून सुचवलं होतं, तेव्हा घरातलेच हसले होते.

मग गावची जत्रा आली. सकाळी खऱ्या कुस्त्या संपल्या की दुपारी आपल्या खोलीपुढं टीव्हीवरचा हगामा भरवायचा, असं तात्यांनी ठरवलं. त्या दिवशी गिरणी बंद, म्हणजे व्होल्टेजची कटकट नाही. खेळ नव्या कॅसेटचा. नियम मात्र अस्सल आखाड्याचे. पोराला दंडाला धरून लोकांपुढं फिरवायचं, "ह्याला जोड हाय का?" असं विचारायचं, कुणी पुढं आला की दोघांचे हात मिळवायचे. तात्यांनी हलगीवालाही सांगून ठेवला. मी त्यांना म्हटलं, "माझंबी नाव घ्या." तात्या म्हणाले, "घेतो की. तुझीच तर आयडिया." त्या शब्दावर मी पंधरवडाभर हवेत होते. मला एवढंच पाहिजे होतं, एक जोड. सगळ्या गावापुढं छत्रीवाला घेऊन एकदा बसायचं. मग हरले तरी चाललं असतं, अर्थात मी हरणार नव्हते.

टीव्ही उंबऱ्याशी, आतूनही दिसेल असा तिरका आणून ठेवला होता. बाहेर माणसंच माणसं. पोरांच्या जोड्या लागल्या, रिमोटवर बोटं आपटली, हलगी कडाडली. मग तात्यांनी मला पुढं बोलावलं. पैलवानाला धरतात तसं दंडाला धरलं नाही, नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडले, "ही आमची रंजना! छत्रीवाला घेऊन बसनार हाय! हिला जोड हाय का?"

कुणी हललं नाही. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. तात्यांनी पुन्हा विचारलं. लोकांनी दिलीपकडं बघितलं. दिलीप आडत दुकानदाराचा पोरगा, कराटेवाल्यांच्या खेळात सगळ्यांत वरचढ. तो शाळा बुडवून खिडकीतून माझा खेळ बघायचा हे मला माहीत होतं. छत्री उघडली की काय होतं हे त्या गर्दीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तो हात जोडून उभा राहिला आणि इतक्या गोड आवाजात बोलला की मला आजही तो आवाज आठवला की मस्तक फिरतं.

"तात्या, गावची पोर म्हंजी आपली भईन. भईनीसंगं कुस्ती कशी करायची? मला न्हाई जमायचं."

काय हो त्याचा मोठेपणा! म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. "खरं हाय, संस्कार हायेत पोराला," कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, "आरं पण कुस्ती टीव्हीतली मानसं करनारेत! तुला कोन हात लावतंय?" लोक हसले. माझ्या बोलण्याला हसले, दिलीपच्या नाही. राखी पौर्णिमेला याच भावाच्या दारात मी ओवाळायला गेले असते तर त्यानं ओळख तरी दिली असती का?

आखाड्याची रीत अशी की ज्या पैलवानाला जोड मिळत नाही त्याचा मान म्हणून त्याला नारळ द्यायचा. तात्यांनी तीच रीत चालवली. माझ्या हातात नारळ ठेवला. हलगी वाजली, टाळ्या पडल्या. न खेळता माझा सत्कार झाला! मी नारळ घेऊन उंबऱ्याच्या आत बसले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडू नव्हतं, निव्वळ संताप होता.

त्याहून वाईट पुढंच होतं. पोरांनी गंमत म्हणून छत्रीवाला घेतला. एकानं घेतला, दुसऱ्यानं घेतला. भलत्याच वेळी छत्री उघडायची, मिटून जायची आणि कराटेवाला लाथ घालून त्याला आडवा करायचा. दर वेळी माणसं खदाखदा हसायची. "ह्यो काय लढनार! ह्याला पावसात हुभा करा!" मी आतून ओरडत होते, "थांब, आत्ता न्हाई, आत्ता न्हाई!" कोण ऐकतंय. शेवटी दिलीप पहिला आला. त्याला फेटा बांधला. बहिणीला सोडून बाकी सगळ्यांना त्यानं हरवलं होतं.

लोक चहाला पांगले. तात्या वायरी गुंडाळायला आत आले तेव्हा मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"तात्या, तुमी रोज जेवताना काय सांगता? येक खांदा ऱ्हायला. तुमाला निदान आखाड्यात तरी उतरू दिलं. मला तर तेबी न्हाई."

"आगं, म्या काय करू? जोडच लागली न्हाई."

"तुमी हाय की. बसा."

तात्या इकडंतिकडं बघायला लागले. "म्या? म्या पंच हाय."

"हगामा संपला. आता तुमी पंच न्हाई. बसा."

आई दारात चहाची किटली घेऊन उभी होती. ती कधी खेळात बोलायची नाही, पण तेव्हा बोलली. "बसा की भावजी. पोरगी सकाळपासून जेवली न्हाई." तात्या एक पाय लांब करून गोणपाटावर बसले. त्यांनी सगळ्यांत दांडगा कराटेवाला घेतला. मी छत्रीवाला घेतला.

तात्या बरे खेळायचे, पैलवानासारखेच, धीरानं. आधी माझी बरीचशी ताकद त्यांनी खाल्ली. मग त्यांनी लाथ घातली आणि मी छत्री उघडली. त्यांचा गडी उडून आपटला. "आयला!" तात्या म्हणाले. पुन्हा लाथ, पुन्हा छत्री. बाहेर चहा पिणाऱ्यांपैकी कुणीतरी आत डोकावलं आणि ओरडलं, "आरं, छत्रीवाला तात्याला मारतोय!" झालं, कप टाकून माणसं दाराशी धावली. दिलीप फेट्यासकट आला. हलगीवाला आला. तात्यांच्या गड्याची ताकद संपत आली, एक फटका राहिला. एकच. तात्यांनी लाथ उगारली. माझं बोट बटणावर होतं. मला आजही ती लाथ हवेत दिसते.

तेवढ्यात माझा रिमोट धरलेला हात कुणीतरी वर खेचला. तात्यांनीच. एका हातानं माझा हात वर, दुसरा त्यांचा स्वतःचा वर, आणि पायाच्या अंगठ्यानं त्यांनी मशीनचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"बरोबरीत!" तात्या ओरडले. "चुलता पुतनी बरोबरीत!"

टाळ्यांचा कडकडाट. हलगी. दिलीपसुद्धा टाळ्या वाजवत होता. कुणीतरी माझाच नारळ घेऊन उंबऱ्यावर फोडला आणि अर्धा तात्यांच्या हातात, अर्धा माझ्या हातात दिला.

"तात्या, येक फटका ऱ्हायला हुता," मी म्हटलं. "येकच."

तात्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आगं येडे, समद्या गावापुढं तुझा मान राखला म्या!"

"मान काय चाटायचाय का?" मी म्हटलं.

तात्यांचा चेहरा क्षणभर पडला. त्यांना कळलं होतं, पक्कं कळलं होतं. पण दारात माणसं होती, आणि माणसांसमोर तात्या हसले. आईनं त्या खोबऱ्याची लसूण घालून चटणी केली. मी तिला बोट लावलं नाही. जत्रा उलगल्यावर तात्यांनी ती कॅसेट नगरला नेऊन बदलून आणली. पोरांचं म्हणणं पडलं की छत्रीवाल्यात काही दम नाही. मला पुढं कर्जतच्या कॉलेजात घातलं, शिकले, नोकरी केली, संसार केला. पण कुठंही समारंभात हातात नारळ पडला की मी आधी विचारते, कशाबद्दल.

ही गोष्ट तात्यांनी नंतर आल्यागेल्याला सांगितली. "आमची रंजी अन म्या बरोबरीत सुटलो हुतो." दर वेळी मी म्हणायचे, "न्हाई तात्या, येक फटका ऱ्हायला हुता." दर वेळी लोक हसायचे.

मागच्या दिवाळीत मिरजगावला गेले. गिरणी आता विकली आहे, घर आणि ती खोली तेवढी राहिली आहे. तात्यांचा नातू ओंकार त्या जुन्या खोलीत मोठ्या टीव्हीवर खेळत बसला होता. जगातले झाडून सगळे जुने गडी एकत्र आणलेला नवा खेळ म्हणे. त्या गर्दीत एका कोपऱ्यात गोल पोट, आखूड पाय, हातात छत्री. मी पदर सावरून खालीच बसले.

"आत्या, ह्याला कुनी घेत न्हाई," ओंकार म्हणाला. "लई दुबळा हाय."

"दे इकडं. अन दुसरा तुझ्या आज्याच्या हातात दे."

तात्या तिथंच खाटेवर होते. हात थरथरतात, एका डोळ्यानं कमी दिसतं. ओंकारनं त्यांच्या हातात रिमोट दिला आणि फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला. "रंजे," तात्या म्हणाले, "माझी बोटं चालत न्हाईत गं आता. बरोबरीत सोड."

"न्हाई."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. ते खेळले. जमेल तेवढं खेळले. शेवटची लाथ त्यांनी उगारली तेव्हा मी वाट बघितली, टेकता टेकता छत्री उघडली आणि त्यांचा गडी उडून पलीकडं आपटला. यावेळी त्यांनी पाय हलवला नाही. रिमोट मांडीवर ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "चीत."

मी वळून दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं.